मऊ भिंत

नाही नाही, ठोकून बघू नका, मिस्त्री! पोकळच आहे ती, मी सांगते ना. सिमेंटचे पोकळ ब्लॉक, वर प्लास्टरचा पत्ता नाही — दिराने घाईघाईत उभी केली, पलीकडचं घर त्याचं, अलीकडचं माझं. बघा ना कशी दिसते! घरात बसल्यासारखं वाटतं का? गोदामात बसल्यासारखं वाटतं. कोपर घासलं की सालपट निघतं. म्हणून म्हटलं, जरा मऊ करून घेऊ — लाकडी पट्ट्या मारा, मध्ये जाडजूड फोम, वरून कापड. कुठलाही रंग चालेल. प्लास्टर? प्लास्टरने काय होतंय? आवाज तर — म्हणजे, दिसायला बरं होईल हो, पण मऊ कुठे होतं?

हा आवाज? काही नाही, उंदीर असेल. तुम्ही मापाला टेप लावा. — बरं, उंदीर नाही. सासूबाई आहेत. त्यांचा पलंग भिंतीला लागून आहे, अंथरुणाला खिळल्यात. दीर-जाऊ सकाळीच कामावर जातात, मग ही बाई भिंतीवर पेला आपटत बसते. असा सावकाश आपटला की पाणी हवं, भराभर आपटला की कूस बदलून हवी. मला नाही कळणार तर कुणाला? याच हातांनी केलंय सगळं. आणि माझा नवरा गेला, तर महिना सरायच्या आत दिराला म्हणाल्या — मी इथेच उभी, हातात त्यांचंच ताट — 'मध्ये भिंत घाल. हिचा आवाजसुद्धा नको मला.' आवाजसुद्धा! मग घ्या म्हणावं आता. माझा नको, तर तुमचा मला कशाला?

आधी मजा वाटायची, खोटं कशाला बोलू. त्या आपटायच्या आणि मी इथे खुर्ची टेकवून चहा प्यायचे. आपटा, अजून आपटा — देते का ओ! पण काल काय झालं, मी भाजी निवडत होते, आणि हा मेला हात उठला न् भिंतीवर टकटक करून मोकळा. मला न विचारता! पलीकडून लगेच टकटक. इतका संताप आला स्वतःचा! म्हणून म्हणते, आजच सुरू करा. त्यांच्या दाराची जुनी किल्ली अजून आहे माझ्याकडे — पण जाणार नाही. मेले तरी जाणार नाही.

पडलं का काही? पेलाच असणार. पडू दे, लोळू दे. आता उचलणार कोण? — थांबलं बघा. बरं झालं, सुटले. एरवी पेला पडला की हाताने बडवतात. आत्ता बडवतील. — तुम्हाला येतोय का हो आवाज? कान लावा जरा. तिथे नाही, इथे खाली, उशी असते तिथे. — मिस्त्री, ठोका. अहो, माझ्याकडे बघताय काय — ठोका ना, जोरात ठोका!