वटपौर्णिमा आणि जपानी योद्धे

परवाच्या वटपौर्णिमेचं ऐका. मी आणि सासूबाई नटूनथटून, पूजेचं ताट घेऊन निघालेलो आणि आमचे हे सोफ्यावर आडवे, टीव्हीवर जपानी कार्टून लावून. "कार्टून नाही, अ‍ॅनिमे आहे," म्हणे. जुन्या काळचे योद्धे पुन्हा जन्माला येतात आणि एकमेकांना बदडतात.

चप्पल घालता घालता सासूबाईंनी विचारलं, "का रे, मारामारी कशावरून?"

"मागच्या जन्मीचं भांडण आहे ना, आई. त्यांना सगळं आठवतं."

सासूबाई थांबल्या. "सगळं?"

"सगळं. जिथे सोडलेलं तिथून परत सुरू."

त्यांनी खिडकीपाशी पेपर वाचत बसलेल्या सासऱ्यांकडे बघितलं. ठाण्यात माजिवड्याला मोक्याचं घर मिळत असताना याच माणसाने हट्टाने लांब आडबाजूच्या शीळफाट्याला घेतलेलं. ते भांडण अजून मिटलेलं नाही.

मला वाटलं, गेली यंदाची पूजा. पण त्या आल्या. वडाला सूत गुंडाळलं, हात जोडले आणि सोसायटीतल्या सगळ्या बायकांसमोर मोठ्याने म्हणाल्या, "सातही जन्म हाच नवरा दे. फक्त पुढच्या वेळी माझ्या हातात तलवार दे."