समुद्राची सरळ रेघ

फोटो छापायच्या दुकानात माझ्यापुढे एक वहिनी आणि त्यांचा फोटोग्राफर दीर रांगेत उभे होते.

“भाऊजी, आमची इमारत वाकडी काढलीत की हो!”

“वहिनी, मागची समुद्राची रेघ बघा. अगदी सरळ आहे.”

“मग इमारत सरळ करा ना.”

“केली. तर समुद्र कलला.”

“आणि शेजारची बरी सरळ आली?”

“तेच तर! म्हणून चार महिन्यांत तीनदा जाऊन काढला, त्याच दगडावर स्टँड लावून.”

“तिन्ही वेळा वाकडीच?”

“दर वेळी शेजारच्या इमारतीकडे थोडी जास्त.”

“काहीतरीच तुमचं!”

“वहिनी, घरातलं एखादं दार आपोआप उघडतं का?”

“स्वयंपाकघराचं उघडतं. हे म्हणतात, बिजागरी सैल झालीय.”

“शेजारच्या इमारतीच्या बाजूला उघडतं?”

“हो. तुम्हाला कसं कळलं?”