पाठ केलेलं खोटं

...हो हो, मीच ती लाभार्थी. असं काय बघता, साहेब? कापसाचं अनुदान घेणारी बाई मोटारीतून उतरेल असं वाटलं होतं का? बसा की. खुर्चीचा डावा पाय डुगडुगतो, तेवढं सांभाळा. आमचे हे येतीलच, तुमच्यासाठी गार बाटल्या आणायला गेलेत — घरात माठ आहे, पण तपासणीला आलेल्या साहेबांना नुसतं पाणी पाजून कसं चालेल! जाता जाता बजावून गेलेत, 'विचारलं तर सांग, शेत मीच करते. घोळ घालू नकोस.' सकाळपासून घोकून घेतलंय माझ्याकडून. त्याचं काय आहे, एका शेतकऱ्याला अनुदान ठरावीकच मिळतं ना — मग यांनी डोकं लढवलं, अर्धं रान माझ्या नावावर केलं. एका घरात दोन शेतकरी! यांचे दोस्त टाळ्या देऊन हसले, 'वहिनी, झालात की शेतकरी!' मीही हसले. हसायला काय जातंय?

विचारा, विचारा. सरकी कोणी लावली? मी. खुरपायला बायका कोण गोळा करतं, त्यांच्या मागं ओळीनं कोण फिरतं? मी. आणि वेचणी? हे बघा हात — बोंडाची टोकं नखात शिरतात, तेव्हा कळत नाही, भांडी घासायला बसलं की कळतं. आणि हे? हे येतात ना, गाडी भरली की काट्यापाशी उभे राहायला — वजनाला पुरुषमाणूस नको? एरवी चौकात पत्ते. आता गंमत बघा, साहेब — खोटं म्हणून शिकवून गेलेत, आणि त्यात एक शब्द खोटा नाही! यांना पत्ताच नाही. 'म्हण, वेचणी मी करते' — अहो, म्हणवून घेताना बायकोच्या बोटांकडे एकदा तरी बघावं माणसानं! वाईट वाटलं हो. लई नाही, पण वाटलं.

पैसे? येतात म्हणे. खातं माझं, कार्ड यांच्या खिशात. चष्मा मागितला तर 'यंदा जमायचं नाही.' सुईत दोरा शेजारणीकडून ओवून घेते मी — मोठी शेतकरीण! ...काय म्हणालात? नवीन कार्ड? मी एकटीनं बँकेत जाऊन? यांची सही नको? आणि रान — ते आपलं नुसतं कागदावर — असं? कागदावर म्हणजेच खरं? थांबा, परत सांगा. यांनी उद्या विकायचं म्हटलं तरी माझ्या सहीशिवाय... अगं बाई!

मग लिहा, साहेब. शेतकरी कोण — मी. जरा मोठ्या अक्षरात लिहा, मला चष्म्याशिवाय वाचता आलं पाहिजे. आली बघा फटफटी. तुमचं काम झालं ना? मग निघा तुम्ही. नाही नाही, बाटल्यांसाठी थांबू नका, त्या आम्हालाच लागतील.

अहो, या. साहेब निघालेत. हो, सांगितलं, तुम्ही शिकवलंत अगदी तस्संच. बसा त्या खुर्चीवर. घाम पुसा, गार प्या. आणि खिशातलं माझं कार्ड ठेवा इथं. काय म्हणता, कशाला? बरं, राहू द्या तुमच्याकडेच — नवीन मिळतं म्हणे.