मुलाचं ना-हरकत पत्र

न्यूझीलंडमधल्या न्यू लिनच्या लायब्ररीत मतदार नोंदणीच्या रांगेत माझ्यापुढे एक आजोबा आणि त्यांची नात उत्तरा उभे होते. मत देऊन आजोबांना मिळवायचा होता बसस्टॉपवर एक बाक. फाइल मात्र चार बोटं जाड.

"आजोबा, एवढे कागद?"

"शंतनूच्या घराचे. आणि मी मत द्यायला त्याची हरकत नाही, असं त्याच्या सहीचं पत्र."

"बाबाची परवानगी? आजोबा, हे काय अठराशे त्रेपन्न आहे?"

"तेव्हा काय होतं?"

"इथे येऊन वसलेल्या गोऱ्या सेटलर्सची पहिली निवडणूक. मत फक्त पुरुषांना, तेही स्वतःची जमीन नाहीतर भाड्याचं घर असेल तरच. इथल्या मूळच्या माओरींची जमीन सगळ्यांची मिळून, म्हणून बहुतेकांना मतच नाही."

"म्हणजे जमीन त्यांची आणि मत पाहुण्यांना?"

"एक्झॅक्टली."

"उत्तरा, माझ्या नावावर तर इथे पायातल्या जँडल्ससुद्धा नाहीत गं."

"रेसिडेन्सी आहे, वर्ष होऊन गेलंय. मत द्यायला तेवढं बस्स."

"आणि तुझी आजी?"

"तीसुद्धा."

"मग तिचाही फॉर्म घे. फी किती?"

"काही नाही."

"असं कसं? कुणीतरी भरली असेलच."

"भरली ना. ज्यांच्या जमिनी गेल्या, त्यांनी."

"...बरं. पेन दे. सही नीट करतो."