लादीची धूळ

माजं नाव सुनंदा. माहेर लांज्याच्या आत, एस्टीतून उतरलं की कातळ चढून पलीकडे जायचं, तिथे आमची वाडी. बापूस जांभ्या चिऱ्याच्या खाणीवर होता, तवा मशीन नव्हतं, हातानंच चिरे काढायचे, संध्याकाळी घरी आला की केसांपासून नखांपर्यंत लाल, आणि आवस म्हणायची आधी विहिरीवर जा, मंग घरात ये. आमी चार बहिणी. माजी शाळा सातवीपर्यंत, कारण पुढची शाळा लांब आणि घरात पाणी भरायला, सारवायला, लावणीला माणूस पायजे. सारवणाचं काम माज्याकडे होतं, पडवी, माजघर, पावसाळा सरला की घरापुढचं खळं. आता तुमी म्हणाल लादीचं विचारलं आणि ही शेणाचं काय सांगत बसली, पण ताई, जमीन सारखी कशी करायची ते माज्या हाताला तिथेच कळलं, मंग पुढे ते कामाला आलं, म्हणून सांगत्ये.

लग्न झालं तवा हे मुंबईला होते. मुंबईला मोझॅकची लादी घासायचं काम. जुन्या इमारतीत ती ठिपक्याठिपक्यांची लादी तुमी बघितली असाल, ती बसवली की खरखरीत असते, मंग मशीन फिरवून फिरवून घासायची, एक दगड, दुसरा दगड, त्याहून बारीक दगड, तवा कुठे तिला चकाकी येते. हे त्यातले कारागीर. मी लग्नानंतर थोडी वर्षं मुंबईला होते, आमची वैशाली तिथलीच. ह्यांचा स्वभाव कसा, तर बोलायचे कमी, पण हात सारखा जमिनीवर. कोणाकडे जेवायला बसलो तरी पान वाढेपर्यंत डाव्या हाताचा तळवा लादीवरून फिरवत बसायचे. मी म्हणायचे, अवो लोक बघतात. ते म्हणायचे, बघूदेत.

मंग मोझॅक बंद पडत गेलं. कारखान्यातून तयार गुळगुळीत लादी यायला लागली, घासायचं कामच नाय, बसवली की झालं. हे म्हणाले चल गावाकडे जाऊया. तवा कोकण रेल्वे नुकतीच सुरू झालेली, अठ्ठ्याण्णव साल, रत्नागिरीत जिकडेतिकडे बांधकामं, मुंबईतली माणसं इकडे बंगले बांधत होती. आमी मांडवीला एक खोली घेतली भाड्यानं. समुद्र जवळ, भांडी घासून उपडी घातली तरी वाऱ्यानं सकाळपर्यंत चिकट. वैशालीला शाळेत घातली. ह्यांना काम लगेच मिळालं.

मी कामावर कशी गेले, तर लादी मोठी होत गेली म्हणून. आधी एक फुटाची होती, ती एकट्याला झेपायची. मंग दोन फुटाची आली, आणि पुढे पुढे एक मीटरची, अशी एकट्याच्या कवेत मावत नाय. ती आडवी धरली तर आपल्याच वजनानं मधी कडकन जाते, उभी धरायची, दोघांनी, रबराच्या वाट्या येतात पकडायला त्या लावायच्या, आणि दोघांचा पाय एकदम उचलला पायजे. ह्यांच्या हाताखालचा माणूस शिमग्याला गावी गेला तो आलाच नाय, मुंबईला पळाला. काम तर अर्धं टाकलेलं. मी म्हटलं मी येत्ये. म्हणाले, तुला जमायचं नाय. मी म्हटलं, मी विहिरीवरनं दोन हंडे डोक्यावर आणि एक कमरेवर आणलेली बाई, मला काय सांगता. तर त्या दिवशी गेले ती गेलेच. लोक बघायचे, बायको बरोबर घेऊन फिरतो म्हणायचे. पण काय सांगू तुमाला, मला बरं वाटायचं. घरात हे कदी दोन शब्द बोलायचे नायत, आणि तिथे दिवसभर माज्याशी बोलणं, घे, वाईच तुज्याकडे, सोड, आता टेक. वाळू-सिमेंटचा माल अंथरायचा, सिमेंटचं पाणी ओतायचं, लादी टेकवायची, रबरी हातोडीनं ठोकायची, आणि कान देऊन ऐकायचं, खाली पोकळ राहिली असेल तर आवाज वेगळा येतो. पोकळ आली की हे माज्याकडे बघायचे, आणि आमी दोघं ती परत उचलायचो.

लादीच्याही तऱ्हा असतात हां. लोकांना सगळ्यात आवडायची ती आरशासारखी, तिच्यात पंखा फिरताना दिसायचा. मंग मॅट, तिला चकाकी नाय, हात फिरवला तर शहाळ्याच्या मलईसारखी मऊ लागायची, ती ह्यांना आवडायची. आणि एक खडबडीत, दगड फोडल्यासारखी, ती अंगणात, पायरीवर, पावसात पाय सरकू नये म्हणून. चकाकणारीचं काम जड. एक खडा खाली राहिला, वरनं पाय पडला, की ओरखडा, आणि तो जन्मभर दिसणार. हे काम संपलं की ओणवे व्हायचे, गाल जमिनीला लावून उजेडाच्या दिशेनं बघायचे, कुठे काय वर राहिलंय काय. मी हसायचे. आता आठवतं तर हसायला येत नाय.

मांडवीतच एक काकू होत्या, मिस्टर कचेरीतनं रिटायर झालेले, मुलगा मुंबईला. त्यांनी जुनं घर पाडून नवीन बांधलं. मुलाला हॉलमधी आरशासारखी पायजे, काकू म्हणाल्या माज्या सासूबाई नव्वदीच्या आहेत, ओल्या पायानं न्हाणीघरातनं येतात, मी त्यांना आरशावर चालवू काय. दोघांचं फोनवरनं भांडण चाललेलं, आमी तिथे माल कालवून बसलेले. शेवटी आत मॅट आणि हॉलमधी चकाकणारी असं ठरलं. एक मीटरचीच, सगळी. आता मोठी लादी म्हणजे कापणंही मोठं, खांबाशी कापा, दाराशी कापा. रंग नुकताच मारलेला आणि समुद्राचा वारा, धूळ सगळीकडे उडेल म्हणून काकू म्हणाल्या, दारं-खिडक्या लावून घ्या हां. पाणी मारत कापलं तर धूळ बसते, पण चिखल भिंतीवर उडतो, आणि विजेचं मशीन ओल्यात धरायला हे भ्यायचे, एकाला शॉक लागलेला त्यांनी बघितला होता. मंग सुकंच कापायचे. मशीन सुरू झालं की खोलीत पांढरं धुकं, मला हे दिसायचे नायत, नुसता आवाज. तोंडाला रुमाल बांधायचे, थोड्या वेळानं रुमालाची नाकाजवळची जागा पिठासारखी व्हायची. मी संध्याकाळी सगळं पुसायची, फडकं पिळलं की दुधासारखं पाणी. पुसलं की लादी अशी लखलखायची की काकूंच्या सासूबाई दारात उभ्या राहून म्हणाल्या, ह्याच्यावर पाय कसा ठेवायचा गो.

मी काकूंना दोष देत नाय. त्यांना काय म्हायत, आमालाच म्हायत नव्हतं. आणि त्या एका घरानं झालं असंही नाय, त्याआधी मुंबईची इतकी वर्षं, दगड घासायचे, कडाप्पा कापायचे, सगळं आत जातच होतं.

खोकला तिथेच सुरू झाला, म्हणजे आधीही होता, पण तिथे काकूंनी म्हटलं, सुनंदा, ह्याचा खोकला बरा नाही. त्या रोज कामाच्या मधी गरम पाणी आणून द्यायच्या. मंग हे सुकत गेले. माजी पोळी फुगवून ठेवलेली तशीच राहायची. दवाखान्यात टीबी म्हणाले, गोळ्या दिल्या, त्या गोळ्या मी स्वतः उभं राहून घ्यायला लावल्या, सगळा कोर्स पुरा केला. शेजारपाजारची माणसं आमच्या घरचं पाणी घ्यायची बंद झाली, वैशालीला शाळेत मुली बाकावर बसवून घेईनात, ती पोर घरी येऊन कोपऱ्यात बसायची, काय झालं विचारलं तर काय नाय म्हणायची. हे तिला म्हणायचे, बाय, बरा होतो मी, मंग सगळ्या येतील. आणि एवढं करून खोकला तसाच. दम तर वाढतच चाललेला. तवा काकूंनी त्यांच्या ओळखीच्या डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी छातीचा फोटो काढला, उजेडाला धरला, आणि विचारलं, तुमी काम काय करता. ताई, इतक्या दिवसात हे कोणी विचारलंच नव्हतं. ह्यांनी सांगितलं. डॉक्टर म्हणाले, दगडाची धूळ छातीत बसलीय, ती आता निघायची नाय, ह्यापुढे तरी धुळीत जाऊ नका.

घरी येताना बंदरावर बसलो दोघं. मी म्हटलं, सोडा आता हे काम. हे खालच्या दगडावरनं तळवा फिरवत राहिले. मंग म्हणाले, मी सोडतो, तू धर.

असं म्हणाले. मला वाटलं रागानं म्हणतात. पण दुसऱ्या दिवशी सकाळी उठून मला कामावर घेऊन गेले, आपण उंबऱ्याबाहेर खुर्ची टाकून बसले, आणि मी आत. दोरी कशी धरायची, पहिली लादी कुठल्या कोपऱ्यातनं, खोली काटकोनात नसेल तर चूक कुठे लपवायची, सगळं तिथनं सांगायचे, मधी मधी दम घ्यायला थांबायचे, तोपर्यंत मी हातातली थापी तशीच धरून उभी. लादीचं दुसरं टोक धरायला शेजारची एक बाई घेतली. सुरवातीला मी तीन-तीनदा लादी उचलायची. हे कदी ओरडले नायत. एकदा एक ओळ अशी आली की बोट फिरवलं तर सांधा लागेना, मी मागे वळून बघितलं, तर हे डोळे पुसत होते. मी म्हटलं धूळ गेली काय. म्हणाले, हो.

मंग तेही थांबलं. घराच्या चार पायऱ्या चढायला जमेनात. आडवं तर होताच यायचं नाय, झोपले की जीव घाबरा व्हायचा. उशा लावल्या, भिंतीला टेकवलं, पण भिंत टोचायची, हाडंच राहिली होती अंगात. मंग मी त्यांच्या मागे बसायची, माजी पाठ त्यांच्या पाठीला लावून. तसं त्यांना बरं वाटायचं. वाईच डोळा लागायचा. मी तशीच बसून तांदूळ निवडायची, वैशालीचा अभ्यास घ्यायची, ती समोर बसून वाचायची. ह्यांचा श्वास माज्या पाठीत कळायचा, जोरानं आत ओढायचे तो, आणि सोडायचे तो.

गणपती जाऊन थोडे दिवस झाले होते. दुपार होती, वैशाली शाळेत. पेज भरवली, तीन घास गेले असतील. मंग म्हणाले, बस. मी बसले पाठ लावून. म्हणाले, वैशालीला ह्या कामात घालू नकोस. मी म्हटलं, नाय घालत. बाहेर कोळणी जात होत्या, त्यांचं बोलणं ऐकू येत होतं. श्वास येत होता, जात होता, मंग एक गेला आणि पुढचा आला नाय. मला पाठीतच कळलं ते. मी हलले नाय. हलले तर ते पडतील, असं वाटलं. मी हाक मारली नाय, रडले नाय, तशीच बसून राहिले, त्यांचं सगळं वजन माज्यावर आलेलं, आणि वजन ते काय, लादीएवढंसुद्धा नाय. वैशाली शाळेतनं आली, दारात दप्तर घेऊन उभी राहिली, तिनं त्यांचं तोंड बघितलं आणि म्हणाली, आई, तू उठू नकोस, मी बाबांना धरते. पोरीनं पुढून धरलं, तवा मी उठले.

काकू आल्या होत्या. त्या वैशालीला जवळ घेऊन बसून राहिल्या. जाताना माजा हात धरला आणि म्हणाल्या, सुनंदा, मला हॉलमधे बसवत नाही गो. मी म्हटलं, काकू, असं नका म्हणू, बसा तुमी, त्यांनी चांगली बसवलीय ती.

आता तीन-चार वर्षं झाली. काम करत्ये मी अजून. दुसरं काय येतं? माज्याबरोबर दोघी बायका असतात, लोक आधी बघतात, मंग करू देतात. सरळ काप असेल तर हातानं ओढायचा कटर आहे, चाक फिरवायचं आणि दाबून मोडायची, त्याला धूळ नाय. आणि मशीन लागलंच तर बाहेर खळ्यात, एकीनं बाटलीनं पाणी सोडत राहायचं, रबरी हातमोजे घालून. वायर आधी तपासायची. दारं बंद करून मी काम करत नाय. परवा हेदवीच्या बाजूला एका बंगल्यात गेलो, मालक म्हणाले बाहेर लांब पडतं, आतच कापा. मी म्हटलं, मंग दुसरा माणूस बघा. ते वाईच वैतागले, पण म्हणाले कापा बाहेर. बाजूच्या खोलीत प्लंबरचा एक पोरगा भिंत फोडत होता, सुकीच, नाकाला काय नाय. त्याला मी म्हटलं, बाबा, पाणी मार. तो हसला. म्हणाला, मावशी, काय होत नाय. मी परत म्हटलं नाय. बाटली नेऊन त्याच्याजवळ ठेवली आणि माज्या कामाला आले.

वैशाली चिपळूणला नर्सिंगला आहे. माजी ढोपरं गेलीत, बसलं की उठवत नाय, आणखी थोडी वर्षं निघतील. तिचं होईपर्यंत निघाली म्हणजे झालं. आता तुमी हे लिहून नेताय, न्या. चहा तेवढा घेऊन जा, दार उघडंच राहूदे, वारा येतोय तो बरा आहे. तुमचा श्वास मोकळा राहो, ताई, तुमच्या माणसांचा राहो.