ताईंच्या नावावरची मंजुरी

माझे नाव व पत्ता वरच्या रकान्यात आहे. वय ४१, नोकरी, संगणकाचे प्रोग्राम लिहिणे. मला कोणी बोलावलेले नाही. मी आपणहून पोलीस ठाण्यात आलो आणि समक्ष सांगतो ते असे.

एका रक्ततपासणी प्रयोगशाळेचा प्रोग्राम आमचे कार्यालय सांभाळते. तो पायथन भाषेत आहे. दुसऱ्यांनी लिहिलेले तयार भाग, म्हणजे मॉड्यूल, त्यात एका ओळीने आत घेता येतात. आत आलेले मॉड्यूल रुग्णांची माहिती वाचू शकते. म्हणून आमच्या कार्यालयातल्या ताईंनी एक यादी ठेवली. यादीत नसलेले मॉड्यूल आत घ्यायला गेले की प्रोग्राम तिथेच थांबतो. नाव कोणीही सुचवावे, पण मॉड्यूल ओळीने ओळ वाचून ताईंनी मंजूर केल्याशिवाय ते यादीत चढत नाही. पुढे कारणही लिहावे लागते. ताई आमच्याकडे सर्वांत जुन्या, वय ५६. मला काम त्यांनीच शिकवले.

दि. ३ रोजी मी अहवाल सुबक छापणारे एक मॉड्यूल सुचवले. प्रयोगशाळेच्या डॉक्टरांना मी दुसऱ्या दिवसाचा शब्द देऊन बसलो होतो. ताई म्हणाल्या, "आधी वाचते. दोन दिवस दम धर की." दुपारी १.१० वाजता त्या जेवायला गेल्या. त्यांचा संगणक उघडा होता. मी त्यांच्या खुर्चीत बसून त्यांच्या नावाने मंजुरी दिली. कारण लिहिले, "तात्पुरते".

ते मॉड्यूल अहवाल छापत होते आणि प्रत्येकाची एक प्रत बाहेर पाठवत होते. दि. १७ रोजी एका बाईंच्या घरी औषध विकणाऱ्याचा फोन आला. त्यांच्या आजाराचे नाव त्यांच्या सासूने त्या फोनवर पहिल्यांदा ऐकले. तक्रार त्या बाईंचीच आहे.

नोंदीत ताईंचे नाव निघाले. दि. १८ व १९ रोजी त्यांना येथे बसवून विचारपूस झाली. कार्यालयाने त्यांना घरी बसवले. कार्यालयातल्या साहेबांनी मला विचारले, "त्या न वाचता मंजूर करतात का?" मी म्हणालो, "कधी कधी होतं." हे खोटे आहे. ताईंनी आजवर एक ओळ न वाचता सोडलेली नाही.

आज सकाळी ९ वाजता ताईंचा फोन आला. म्हणाल्या, "अरे, मी ते वाचलं होतं का रे? काही म्हणता काही आठवत नाही. मुलगी म्हणते, डोक्याच्या डॉक्टरांना दाखवू." मी आवाज येत नाही असे सांगून फोन ठेवला. आवाज नीट येत होता.

हे आधी का सांगितले नाही, असे आपण विचारले. लाज वाटली. दुसरे कारण नाही.

ताईंच्या डोक्याला काही झालेले नाही, हे त्यांना आजच कळवावे. मला त्यांना तोंड दाखवायची हिंमत नाही.

लिहिलेले मला मोठ्याने वाचून दाखवले. मी सांगितले तसेच आहे. खालची सही मी माझ्याच नावाने करत आहे.