राखण

१९९४ साली ठाण्याच्या एका इस्पितळात, औषधांच्या रांगेत, माझ्यापुढे दीर-भावजय उभी होती.

"भावजी, डॉक्टर काय म्हणाले ते नीट सांगा."

"वहिनी, आपल्या अंगात एक एन्झाइम असतं. पेशींवर ताण आला की ते त्यांना वाचवतं. डोंबिवलीच्या केमिकल कंपनीत दादा एवढी वर्षं ॲसिडच्या वाफेत तगला, तो त्याच्याच जोरावर, म्हणाले."

"मग आता का नाही वाचवत?"

"वाचवतंय ना. आता कॅन्सरच्या गाठीला वाचवतंय. औषध आत गेलं की गाठीच्या आड उभं राहतं."

"त्याला आपलं-परकं कळत नाही?"

"गाठपण दादाच्याच अंगाची ना, वहिनी."

"ह्यांना ताकद यावी म्हणून मी रोज मटणाचा रस्सा आणते."

"हो."

"मग हा डबा वर नेऊ की नको?"